शिडी लावण्याआधी

सापशिडी खेळताना फासा बरोबर पडला की आपली सोंगटी शिडीवरून सरळ वर जाते. पाय घसरत नाही, शिडी हलत नाही. खाली यायचं तर सापच चावावा लागतो. खऱ्या शिडीचं तसं नसतं. तीच वर नेते आणि तीच खाली पाडते. आज आपण खऱ्या शिडीबद्दल वाचणार आहोत, आणि तीसुद्धा जिथे खाण्यापिण्याच्या वस्तू तयार होतात किंवा साठवल्या जातात अशा ठिकाणची.

आधी दोन शब्द नीट समजून घेऊ. घरात वरच्या मजल्यावर जायला असतो तो जिना. जिना जागचा हलत नाही. शिडी उचलून कुठेही नेता येते आणि कशालाही टेकवता येते. जी दोन पायांवर उघडते आणि भिंतीशिवाय स्वतःच उभी राहते, तिला बरेच जण घोडी म्हणतात. तिन्हींना पायऱ्या असतात, पण तिघांची वागणूक वेगळी. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे.

कतारचा नकाशा उघडा आणि अगदी वरच्या टोकाला बोट ठेवा. तिथे अल रुवैस नावाचं गाव आहे. दोह्याहून शमाल रस्त्याने सरळ उत्तरेला जायचं. अरबीत शमाल म्हणजे उत्तर, त्यामुळे रस्त्याचं नावच दिशा सांगतं. शंभराहून थोडे जास्त किलोमीटर झाले की समुद्र येतो आणि रस्ता संपतो. रुवैस हे जुनं मच्छीमारांचं गाव. इथल्या बंदराचं औपचारिक उद्घाटन २०१५ साली झालं. मोठमोठी कंटेनर जहाजं दोह्याच्या दक्षिणेच्या हमद बंदरात जातात. रुवैसला येतात ती लहान जहाजं आणि लाकडी गलबतं. त्यांच्यातून ताजा माल येतो, जनावरं येतात. शिवाय मासेमारीच्या होड्या आहेतच.

जिथे मासे तिथे बर्फ, आणि जिथे बर्फ तिथे शीतगृह. अशाच एका शीतगृहात मी कामासाठी गेलो होतो.

माझं काम संगणकाचं. माशांच्या पेट्यांवर चिकटवलेले बारकोड वाचणारी छोटी यंत्रं तिथे कामगारांच्या हातात असतात. ती वायफायवर चालतात. वायफायचे डबे भिंतीवर साडेतीन मीटर उंचीवर लावलेले होते आणि तीन डबे सारखे बंद पडत होते. मी लॅपटॉप काखेत मारला, कोपऱ्यातली ॲल्युमिनियमची शिडी ओढली आणि भिंतीला लावली. पहिल्या पायरीवर पाय ठेवणार तेवढ्यात मागून मराठीत आवाज आला, "ओ साहेब, ट्रेनिंग झालंय का तुमचं?"

रत्नागिरीकडचे एक काका तिथे सुरक्षा अधिकारी होते. मी म्हटलं, "काका, पाच मिनिटांचं काम आहे." ते म्हणाले, "हो ना. मग आधी चाळीस मिनिटांचं ट्रेनिंग घ्या. आत्ता नवीन मुलांचं सुरू करतोच आहे."

राग आला होता, हे कबूल करतो. शिडीचं कसलं ट्रेनिंग? लहानपणी मी आजोळी माळ्यावर शंभर वेळा चढलो होतो. पण तिथे उभं राहून जे ऐकलं आणि पाहिलं, ते मला माहीत नव्हतं.

काकांनी पहिला प्रश्न विचारला तो शिडीबद्दल नव्हताच. त्यांनी मला पुढे बोलावलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "तुम्हाला वर चढायचंच कशाला?"

मी म्हटलं, "डबा बंद करून परत चालू करायचाय."

"ते खालून होत नाही?"

आता खरं सांगायचं तर होत होतं. त्या डब्यांना वीज आणि इंटरनेट एकाच तारेतून मिळत होतं आणि ती तार ज्या यंत्रातून निघत होती, ते माझ्या कमरेच्या उंचीवर होतं. लॅपटॉपवरून दोन कळा दाबल्या असत्या तरी भागलं असतं. मला हे माहीत होतं, पण सुचलं नव्हतं. समोर शिडी दिसली की माणूस चढायचाच विचार करतो.

उंचीवरच्या कामाचं शिक्षण जगात कुठेही घेतलं तरी हाच प्रश्न पहिला असतो: चढल्याशिवाय काम होईल का? लांब दांड्याचं हत्यार वापरता येईल का? वस्तू खाली आणता येईल का? या सगळ्याला 'नाही' असं उत्तर आलं, तर मग पुढचा प्रश्न: शिडीच हवी, की चाकांचा, कठडा असलेला ओटा जास्त बरा? ब्रिटनमधली कामगार-सुरक्षेची सरकारी संस्था एक सोपा हिशेब सांगते. एकाच जागी अर्ध्या तासाहून जास्त वेळ काम असेल, तर शिडी हे त्यासाठी योग्य साधन नाही.

काकांनी याचं उदाहरण त्यांच्या गावचं दिलं, आणि मला ते फार आवडलं. कोकणात हापूस आंबा काढतात तो झेल्याने. झेला म्हणजे लांब काठी आणि तिच्या टोकाला जाळीची पिशवी. आंबा त्या जाळीत झेलायचा, म्हणून झेला. दापोलीला डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आहे, १९७२ साली सुरू झालेलं. तिथे या जुन्या झेल्यात सुधारणा करून 'नूतन झेला' तयार केला. त्याला पातं असतं, त्यामुळे आंबा ओढून तोडावा लागत नाही, देठासकट कापला जातो. देठ राहिला की आंब्याचा चीक सालीवर ओघळत नाही. चीक ओघळला तर सालीवर काळे डाग पडतात आणि बाजारात भाव कमी मिळतो. म्हणजे काढणारा माणूस जमिनीवर सुरक्षित आणि आंबाही स्वच्छ. फार उंच, जुन्या झाडांवर आजही चढावं लागतं, पण जिथे काठी पोचते तिथे कशाला चढायचं?

अन्नाच्या कारखान्यातली शिडी समजून घ्यायला हा झेला चांगला आहे. तिथे नेहमी दोन गोष्टी एकदम सांभाळायच्या असतात: माणूस आणि अन्न.

आता भाषेची गंमत. खरं तर ती गंमत नाहीच. त्या दिवशी प्रशिक्षणाला बाराएक जण होते. केरळचे, नेपाळचे, बांगलादेशचे, उत्तर प्रदेशचे. सगळ्यांना थोडंफार कळेल अशी भाषा म्हणजे हिंदी. काका हिंदीत 'सीढ़ी' म्हणत होते. आपण मराठी माणसं 'शिडी' ऐकतो आणि लगेच समजतो. पण हिंदीत सीढ़ी म्हणजे शिडीही आणि जिनाही! बंगालीत तर याच कुळातला शब्द आहे, उच्चारही आपल्या शिडीच्या जवळचा, पण त्याचा अर्थ जिना. शिडीला बंगालीत 'मोई' म्हणतात. आता विचार करा. 'सीढ़ी पर सामान लेकर मत चढ़ना' असं एखाद्या बांगलादेशी मुलाला सांगितलं आणि त्याने जिना समजला, तर? तो म्हणेल, जिन्यावरून तर मी रोज पेट्या नेतो, हे काय सांगताहेत?

म्हणून काका बोलण्यावर थांबत नाहीत. प्रत्येकाला शिडीला हात लावायला सांगतात, तुझ्या भाषेत हिला काय म्हणतात ते विचारतात आणि तो शब्द फळ्यावर लिहितात. मग प्रत्येकाने शिडी स्वतः लावून दाखवायची. 'समजलं का?' या प्रश्नाला सगळेच हो म्हणतात. लावून दाखव म्हटलं की खरं कळतं. कतारच्या २००४ च्या कामगार कायद्यात असं आहे की कामगार कामावर रुजू होतानाच मालकाने त्याला कामातले धोके आणि त्यापासून वाचायचे उपाय सांगितले पाहिजेत. न कळणाऱ्या भाषेत सांगितलं, तर ते सांगणं कसलं?

आता शिडी लावू या.

शिडी भिंतीला टेकवताना किती तिरकी ठेवायची? नियम सोपा आहे: चारास एक. शिडीचं वरचं टोक जमिनीपासून ४ मीटरवर टेकत असेल, तर तळ भिंतीपासून १ मीटर लांब हवा. माझ्या वेळी शिडी ३.६ मीटरवर टेकत होती, म्हणजे तळ ९० सेंटीमीटर लांब हवा होता. हा कोन साधारण ७५ अंशांचा होतो. मोजपट्टी नसेल तर अंगानेच मोजता येतं. शिडीच्या पायांना आपल्या पायांची बोटं लावून सरळ उभं राहायचं आणि हात खांद्याच्या उंचीवर समोर ताठ करायचे. तळवे शिडीला नीट टेकले तर कोन बरोबर.

असं का, ते पाहू. समजा ८० किलो वजनाचा माणूस शिडीच्या टोकाजवळ पोचला आहे. चारास एक लावलेली शिडी तेव्हा तळाशी साधारण २० किलोच्या जोराने बाहेर सरकायला बघते. तिला धरून ठेवतं ते फक्त जमिनीचं घर्षण. तीच शिडी जास्त झोपवून ६० अंशांवर लावली, तर हा जोर ४६ किलोपर्यंत जातो. याच्या उलट, शिडी अगदी भिंतीला चिकटवून उभी केली तर तळ सरकत नाही, पण माणसाचा तोल मागे जातो आणि शिडीसकट तो पाठीवर पडतो.

यातली एक गोष्ट मला आधी कधीच कळली नव्हती. माणूस अर्ध्या उंचीवर असताना तळावरचा जोर १० किलोच असतो. वर चढत गेलं की तो वाढत जातो. म्हणजे खालच्या दोन पायऱ्यांवर उभं राहून शिडी हलवून बघितली आणि ती घट्ट वाटली, तरी त्यावरून वरचं काहीच कळत नाही. शिडी सरकते ती आपण सगळ्यात उंच असतो तेव्हा. आणि २ मीटर उंचीवरून पडणारा माणूस साधारण ०.६ सेकंदात जमिनीवर येतो, ताशी बावीसएक किलोमीटरच्या वेगाने. काही धरायला वेळच मिळत नाही.

कोन मोजायला फोनसुद्धा वापरता येतो. अमेरिकेतल्या नायोश या सरकारी संशोधन संस्थेने २०१३ साली शिडीसाठी एक ॲप काढलं. फोन शिडीला लावायचा, कोन चुकला असेल तर आवाज आणि थरथर यांवरून कळतं. संगणकवाला म्हणून मला ते अर्थातच आवडलं. काका म्हणाले, "छान आहे. पण फोन खिशात ठेवून वर जाऊ नका."

हे घर्षण माशांच्या शीतगृहात किती मिळतं? फरशीवर वितळलेल्या बर्फाचं पाणी, त्यात माशांचे खवले, वर थोडं तेल. सरबताच्या कारखान्यात साखरेचा पाक सांडतो, दुधाच्या कारखान्यात लोणी आणि धुण्याचा साबण असतो. अशा जमिनीला मराठीत फार नेमका शब्द आहे: निसरडी. निसरड्या जमिनीवर शिडीचे रबरी पायही घसरतात. म्हणून आधी जमीन पुसून कोरडी करायची. एवढं करूनही खात्री नसेल तर शिडी वर बांधून टाकायची, आणि तेही जमत नसेल तर दुसऱ्याने तळ धरायचा. रबरी पाय झिजले असतील तर ती शिडी वापरायचीच नाही. तिला 'वापरू नका' अशी चिठ्ठी लावून बाजूला ठेवायची.

थंडीचा त्रास वेगळाच. गोठवलेलं अन्न उणे १८ अंशांवर ठेवतात. तिथे पायऱ्यांवर बर्फाचा पातळ थर जमतो. हातात जाड मोजे असतात, त्यामुळे पकड कमी. आतून बाहेर आलात की कतारच्या दमट हवेत चष्म्यावर क्षणात वाफ धरते आणि काही दिसत नाही. अशा वेळी दोन मिनिटं थांबून चष्मा पुसायचा आणि मगच शिडीकडे जायचं. बाहेर उन्हात राहिलेली ॲल्युमिनियमची शिडी इतकी तापते की हात लावताच मागे घ्यावा लागतो. शिडीवर हात असा अचानक सुटला तर काय होईल, ते सांगायला नको. २०२१ पासून कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम करायला बंदी आहे. चक्कर येणाऱ्या माणसासाठी कुठलीच शिडी सुरक्षित नसते.

चढतानाचे नियम थोडक्यात. तोंड शिडीकडे. दोन पाय आणि दोन हात या चारांपैकी तीन नेहमी शिडीला लागलेले. म्हणून हातात काही न्यायचं नाही. माझा लॅपटॉप इथेच नापास झाला. हत्यारं कमरेच्या पिशवीत ठेवायची, नाहीतर वर पोचल्यावर दोरीने ओढून घ्यायची. बाजूला वाकून हात लांबवायचा नाही. पट्ट्याचं बक्कल शिडीच्या दोन उभ्या दांड्यांच्या मध्येच राहिलं पाहिजे. ते बाहेर जायला लागलं तर खाली उतरा आणि शिडी सरकवा. टेकवलेल्या शिडीच्या वरच्या तीन पायऱ्यांवर उभं राहायचं नाही. घोडी असेल तर पूर्ण उघडायची, मधली आडी नीट बसवायची आणि वरच्या दोन पायऱ्या सोडायच्या. मराठीत 'आपली पायरी ओळखून राहा' असं कुणी म्हटलं तर तो अपमान असतो. शिडीवर मात्र तो चांगला सल्ला आहे.

आणि आता अन्नाची बाजू, जी घरच्या शिडीला नसते.

अन्नाच्या कारखान्यात लाकडी शिडी सहसा चालत नाही. लाकडात पाणी मुरतं, भेगांमध्ये जंतू वाढतात आणि कुसळं निघतात. मग राहिल्या ॲल्युमिनियम, स्टील आणि फायबरग्लास. ॲल्युमिनियम हलकं आणि धुवायला सोपं, पण त्यातून वीज जाते. म्हणून विजेच्या कामाला फायबरग्लासची शिडी घेतात. पण फायबरग्लास जुनं झालं, तडकलं की त्याचे बारीक धागे सुटतात. ते माशांत किंवा दुधात पडले तर? त्यामुळे तिथे शिडी तपासतात ती दोन कारणांसाठी: माणसाला धरेल का, आणि अन्नात काही टाकेल का.

समजा उघड्या टाकीच्या वर काम आहे. तुमच्या बुटाखालची माती, खिशातलं पेन, हातातला स्क्रू, सगळं टाकीत पडू शकतं. म्हणून आधी टाकी झाकायची किंवा काम थांबवायचं. हत्यार दोरीने मनगटाला बांधायचं. अशा कारखान्यात बोटाला लावायची पट्टी निळ्या रंगाची असते, हे तुम्हाला माहीत होतं का? निळ्या रंगाचं अन्न फारसं नसतं, म्हणून पट्टी पडली तर पटकन दिसते. बऱ्याच पट्ट्यांमध्ये धातूची पातळ पत्रीही घालतात, म्हणजे धातू शोधणाऱ्या यंत्रालाही ती सापडते. शिड्यांनाही रंग असतात. कच्च्या माशांच्या खोलीतली शिडी तयार मालाच्या खोलीत न्यायची नाही. आपल्या घरी देवघरातलं फडकं आणि ओट्याचं फडकं वेगळं असतं, तसंच.

माझ्या तीन डब्यांचं काय झालं? दोन खालूनच दुरुस्त झाले. तिसऱ्याची तार खरंच सैल झाली होती. तेव्हा जमीन पुसली, चाकांचा ओटा आणला, चाकं अडकवली आणि शेजारच्या दाराशी एक जण उभा राहिला, कारण ते दार शिडीच्या बाजूला उघडत होतं. हे दार मी आधी पाहिलंच नव्हतं. मी पहिल्यांदा शिडी लावली होती ती बरोब्बर त्याच्यासमोर. सगळं मिळून पंचवीस मिनिटं लागली. काकांनी जाताना विचारलं, "पुढच्या वेळी डबे दोन मीटरवर लावले तर चालतील का?" मी मोजून बघितलं. दोन ठिकाणी चालणार होते.

घरी करून पाहा: एक झाडू घ्या आणि फरशीवर उभा करून भिंतीला टेकवा. त्याचा तळ भिंतीपासून थोडा थोडा लांब सरकवत न्या. झाडू कधी घसरतो ते बघा आणि तेव्हाचं अंतर मोजा. मग तिथली फरशी थोडी ओली करा आणि पुन्हा करा. दोन्ही आकडे वहीत लिहा, आणि फरक का पडला ते पाच वाक्यांत मराठीत सांगा. वाक्यांत 'टेकवणे', 'निसरडा' आणि 'तोल' हे शब्द यायला हवेत. झाल्यावर फरशी पुसायला विसरू नका.